शिस्तबापू

सेलूत पहाटे चारला उठणारी माणसं काही कमी नाहीत. दूधवाले उठतात. पेपरचे गठ्ठे सोडवणारी पोरं उठतात. पोलीस भरतीची तयारी करणारी मुलं अंधारात पाथरी रोडनं धावत असतात. कापसाच्या हंगामात जिनिंगच्या फाटकापाशी गाडी लावून बसलेले शेतकरी तर झोपलेलेच नसतात. पण यांतल्या एकानंही आपण चारला उठतो असं कधी कुणाला सांगितल्याचं ऐकिवात नाही. चारला उठण्याबद्दल गावात जे काही बोललं जातं ते सगळं आमचे बापू बोलतात. ते स्वतः उठतात साडेआठला. त्याला कारण आहे. चारला उठणाऱ्या थोरामोठ्यांची आत्मचरित्रं वाचता वाचता त्यांना रोज रात्रीचा दीड वाजतो.

बापूंचं मोंढ्यात आडतीचं दुकान आहे. दुकान आजोबांनी काढलं, वडिलांनी वाढवलं आणि बापूंनी मुनीमजींवर सोपवलं. वय साठीच्या अलीकडचं, अंगानं भरलेले, पांढरा शर्ट-पायजमा आणि खिशाला तीन पेनं. त्यातलं लाल पेन हिशेबासाठी नाही, पुस्तकात रेघा मारण्यासाठी. गादीवर लोडाला टेकायचं आणि पुस्तक पोटावर उभं करायचं, अशी त्यांची वाचनाची बैठक. बाहेर हमाल तुरीचे कट्टे उतरवत असतात, काट्यावर माप चाललेलं असतं, धुरळा उडत असतो आणि आत बापू कष्टांविषयी वाचत असतात.

कादंबरीला ते हात लावत नाहीत, कारण ती खोटी असते. संतचरित्र नको, कारण संतांना देवाची मदत होती. त्यांना लागतं ते हाडामांसाच्या प्रसिद्ध माणसाचं आत्मचरित्र. तेही शिस्तीनं, जिद्दीनं, शून्यातून वर आलेल्या माणसाचं. शून्य जितकं मोठं तितकं पुस्तक चांगलं. गावानं त्यांचं नाव शिस्तबापू ठेवलं आहे आणि ते थट्टेनं ठेवलं आहे, हे बापूंना अजून कुणी सांगितलेलं नाही.

हा नाद लागला ‘अग्निपंख’मुळे. शाळेच्या एका स्नेहसंमेलनात बापू प्रमुख पाहुणे होते. नारळासोबत त्यांना कलामांचं ते पुस्तक मिळालं. मूळ इंग्रजी 1999 सालचं, मराठी माधुरी शानभाग यांचं. नारळ काकूंनी घेतला आणि पुस्तक बापूंकडे राहिलं. त्यात दुसऱ्या महायुद्धाच्या वेळची एक हकिगत आहे. रामेश्वरम स्टेशनवरचा थांबा बंद झाला, तेव्हा वर्तमानपत्रांचे गठ्ठे धावत्या गाडीतून खाली टाकले जायचे आणि कलामांच्या चुलतभावाला ते गोळा करायला मदतनीस हवा होता. तो मदतनीस म्हणजे कलाम. ही त्यांची पहिली कमाई. हे वाचून बापू दोन दिवस खिन्न होते. तिसऱ्या दिवशी मला म्हणाले, “आपल्याकडं बघ. गाडी थांबते. आरामात थांबते. अशानं काय माणूस घडणारंय?” गाव एकीकडे आणखी गाड्यांना थांबा मिळावा म्हणून निवेदनं देत असताना, आहेत ते थांबे हेच सेलूच्या मागासलेपणाचं मूळ आहे असं मानणारा हा एकटा गृहस्थ.

मग पुस्तकं येत गेली. 2014 साली सचिन तेंडुलकरचं आलं. बापूंनी ते दुकानात मोठ्यानं वाचलं. 2004 च्या जानेवारीतल्या सिडनी कसोटीपाशी येऊन ते थांबले. ऑफच्या बाहेरच्या चेंडूवर कव्हर ड्राइव्ह मारायला जाऊन वारंवार बाद होतोय हे ध्यानात आल्यावर सचिननं तो फटकाच बंद केला आणि दहा तासांवर खेळून 436 चेंडूंत नाबाद 241 केल्या. बापूंनी पुस्तक पोटावर पालथं घातलं, डोळे मिटले आणि म्हणाले, “प्रत्येकाच्या आयुष्यात एक कव्हर ड्राइव्ह असतो. तो ओळखायचा आणि बंद करायचा. माझा कोणता असंल?”

हा प्रश्न त्यांनी रात्री घरीही विचारला. काकू भांडी आवरत होत्या. त्यांनी मागे वळूनही पाहिलं नाही. “भजे,” म्हणाल्या.

भजे बंद झाले. मोंढ्याच्या कोपऱ्यावरचा गाडेवाला चिंतेत पडला, कारण त्याचा संध्याकाळचा पहिला घाणा बापूंच्या नावानंच निघायचा. बापू त्याच्यासमोरून जाताना मान वळवून जात. ही खेळी चार-पाच दिवस चांगली चालली. मग मृगाची पहिली सर आली, मातीचा वास सुटला आणि बापू बाद झाले. वर त्यांचं म्हणणं, “सचिननं तरी कुठं जन्मभर सोडला होता? त्या सामन्यापुरता सोडला होता.” क्रिकेटच्या अंगानं हे खरं आहे, त्यामुळे त्यावर कुणाला काही बोलता आलं नाही.

अभिनव बिंद्राचा अनुभव याहून अवघड होता. 2008 ला बीजिंगमध्ये सुवर्णपदक मिळवणाऱ्या या नेमबाजानं एकाग्रता वाढावी म्हणून काय काय केलं, त्यात याकचं दूधही पिऊन पाहिलं. बापूंनी दुसऱ्या दिवशी सकाळी, म्हणजे साडेआठला, दूधवाल्याला याक मिळेल का विचारलं. दूधवाल्यानं आधी ते कसं दिसतं हे विचारून घेतलं. वर्णन ऐकल्यावर थोडा विचार करून म्हणाला, “बापू, म्हैस चालंल का? हीबी काळीच हाय. केस तेवढे कमी.”

पण खरी धमाल उडवली ती बेंजामिन फ्रँकलिननं. हा अठराव्या शतकातला अमेरिकन, धंद्यानं छापखानेवाला. यानं आपल्या आत्मचरित्रात तेरा सद्‌गुणांची यादी दिली आहे. मिताहार, मौन, व्यवस्थितपणा, निश्चय, काटकसर असं करत शेवटी विनय. एका छोट्या वहीत सात वारांचे सात रकाने आखायचे आणि चूक झाली की त्या सद्‌गुणापुढे काळा ठिपका द्यायचा. दर आठवड्याला एक गुण धरायचा, म्हणजे तेरा आठवड्यांत एक फेरी आणि वर्षात चार फेऱ्या. विनय मुळात यादीत नव्हता. तू गर्विष्ठ आहेस असं एका मित्रानं सांगितल्यावर त्यानं तो तेरावा घातला. हे वाचून बापूंनी मांडीवर थाप मारली. आडत्याला कळेल असं आत्मचरित्र त्यांना पहिल्यांदाच भेटलं होतं. सद्‌गुणांची खतावणी!

ठिपके देण्याचं काम अर्थातच मुनीमजींकडे आलं. मुनीमजी जुन्या वळणाचे. ठिपका त्यांना पटेना. त्यांनी दोष नावे टाकले, गुण जमा धरले. पण खातं उघडायचं तर कुणाच्या तरी नावानं उघडावं लागतं, म्हणून लाल वहीत स्वच्छ अक्षरात ‘श्री. बेंजामिन फ्रँकलिन, मु. फिलाडेल्फिया’ असं खातं निघालं.

पहिला आठवडा मिताहाराचा. तो नेमका धोंड्याच्या महिन्यात आला आणि बापूंना सासुरवाडीचं बोलावणं आलं. जावई साठीला टेकला तरी जावईच. अनारशाला नाही म्हणणं हा मिताहार की उर्मटपणा, यावर बापूंनी बराच विचार केला आणि ताटावर बसूनच केला. दुसरा आठवडा मौनाचा. मोंढ्यात मौन! शेतकऱ्याचा माल समोर ओतलाय, खरेदीदार ढिगाभोवती उभे आहेत, हर्रासी सुरू झाली आहे आणि आडत्या गप्प. पूर्वी रुमालाखाली बोटं धरून सौदे होत, तेव्हा हे खपूनही गेलं असतं. आता उघड बोली लागते. बापू हातानं खुणा करत होते. त्यांनी तीन बोटं दाखवली ती भावात तीनशे वाढवा म्हणून, आणि समोरच्या खरेदीदारानं तीन मिनिटं थांबा असं समजून चहा सांगितला. शेवटी तुरीचा मालकच ओरडला, “ओ बापू, दातखीळ बसली का? बोला की!” त्या दिवशी मौनाच्या नावे पडलेली रक्कम वर्षभर भरून निघाली नाही.

फ्रँकलिनला स्वतःला सर्वांत जास्त छळलं ते व्यवस्थितपणानं. वस्तू जागच्या जागी ठेवणं त्याला कधी जमलं नाही, असं तो प्रांजळपणे सांगतो. तिसऱ्या आठवड्यात बापूंना तेच जमलं नाही, म्हणजे त्यांना सद्‌गुणांची वहीच सापडेना. ती सापडली मार्चअखेरीनंतर, परभणीच्या सीएच्या टेबलावर. दुकानाच्या वह्यांबरोबर तीही गेली होती. सीएचा फोन आला, “बापू, ही फ्रँकलिन म्हणून पार्टी कोण आहे? लई मोठी बाकी दिसतेय, आणि पॅन नंबर नाही.”

सेलू हे गुरूचं गाव आहे, हे बापूंचं लाडकं वाक्य. ते निराधार नाही. दासगणू महाराजांनी ‘भक्तलीलामृता’त साईबाबांचे गुरू म्हणून सेलूच्या गोपाळराव देशमुखांची कथा सांगितली आहे. हेच वेंकुशा, हेच केशवराज बाबासाहेब महाराज. त्यांचं मंदिर गावात आहे. अभ्यासकांत याविषयी मतभेद आहेत, सेलूत नाहीत. शिर्डीला रांगा लागतात आणि सेलूला दर्शन निवांत होतं. बापू यातून स्वतःपुरता अर्थ काढतात. “गुरू इथंच राहतो. नाव काढायला शिष्य बाहेर जातो.”

आणि गंमत अशी की हे त्यांच्या बाबतीत अक्षरशः खरं ठरत गेलं. गोवरात जसं एखादं पोर स्वतः हुंदडत राहतं आणि सगळी आळी अंथरुणावर पाडतं, तसं बापूंचं झालंय. शिस्त त्यांना लागत नाही, त्यांच्यापासून इतरांना लागते. मुनीमजींच्या मुलानं त्यांच्याकडून विश्वास नांगरे पाटलांचं ‘मन में है विश्वास’ वाचायला नेलं. 2016 साली आलेलं हे पुस्तक मराठवाड्यातल्या कुठल्याही अभ्यासिकेत गेलात तर कुठल्या ना कुठल्या टेबलावर, कोपरे दुमडलेल्या अवस्थेत दिसेलच. कोकरूडसारख्या गावातला मुलगा आयपीएस होतो, ही गोष्ट ज्यांच्या गावाला एसटी दिवसातून दोनदा येते त्यांना अधिक कळते. मुनीमजींचा मुलगा दुसऱ्या दिवसापासून चारला उठला. सोळाशे मीटर धावला, गोळा फेकला, लेखी दिली आणि पोलिसात भरती झाला. नाव्ह्यानं बापूंची दाढी करता करता कुठल्याशा खेळाडूचा व्यसनमुक्तीचा अध्याय ऐकला आणि गुटखा सोडला. समोरचे जिल्हा परिषदेतून निवृत्त झालेले गुरुजी बापूंच्या बोलण्यानं फिरायला जाऊ लागले आणि त्यांची साखर उतरली. हे तिघंही आता बापूंना टाळतात. कारण दिसले की बापू त्यांना पुढचं पुस्तक देतात.

पुस्तक दिलेलं परत आलं की मी कधीकधी मागून घेतो. त्यातल्या लाल रेघा पाहण्यासारख्या असतात. पहिल्या पानापासून रेघाच रेघा. उपास, अपमान, गळकं छप्पर, बापाचा मार, नापास, पुन्हा नापास. मग नायकाला पहिलं यश मिळतं आणि तिथून पुढे पानं कोरी करकरीत. परदेश दौरे, पुरस्कार, मंत्र्यांचे फोन, दुसरं लग्न यांना बापूंनी हातसुद्धा लावलेला नसतो. माणूस मोठा झाला की बापूंचा त्याच्यातला जीव उडतो. हे माझ्या लक्षात आलं तेव्हा मला त्यांच्याबद्दल थोडा आदरही वाटला. बाकीचे वाचक यशाचा मार्ग शोधायला ही पुस्तकं उघडतात. बापूंना यश नकोच आहे, ते घरात आहे. त्यांना हाल हवे आहेत.

काकू मात्र पुस्तक मागून उघडतात. शेवटचं ऋणनिर्देशाचं पान तेवढं वाचतात. त्यात बायकोला किती ओळी मिळाल्या ते मोजतात आणि पुस्तक जागेवर ठेवून कुकर लावायला जातात.

बर्फाची गोष्ट सांगितल्याशिवाय बापू पुरे होत नाहीत. खेळाडू दमून आल्यावर बर्फाच्या पाण्यात बसतात, त्यानं अंगही सुधारतं आणि मनही पोलादी होतं, असं त्यांनी एका पुस्तकात वाचलं. मे महिना, पारा त्रेचाळीसवर. वाचायला या पुस्तकाइतकं योग्य दुसरं काही नव्हतं. बापूंनी बर्फाच्या कारखान्यात जाऊन एक अख्खी लादी घेतली, गोणपाटात गुंडाळली, रिक्षात घातली आणि भर दुपारी बाजारातून घराकडे निघाले.

ज्यांना मराठवाडा ठाऊक आहे त्यांना पुढचं सांगायला नको. मे महिन्यात घराकडे अख्खी लादी जाते ती एकाच कामासाठी. मुलं-मुली पुण्या-मुंबईहून येईपर्यंत थांबायचं असतं. रिक्षा स्टेशन रोडवरून वळली तेव्हाच नाव्ह्यानं वस्तरा ठेवला. “बापूंच्या घरी कोण?” एवढंच एकानं विचारलं. वाड्यात वयस्कर कुणी नाही हे सर्वांना माहीत. म्हणजे काकू तरी किंवा बापू तरी. बापूंना रिक्षात काहींनी पाहिलं होतं, काहींनी पाहिलं नव्हतं. त्यामुळे अर्ध्या गावात काकू गेल्या आणि अर्ध्या गावात बापू.

मी पोहोचलो तेव्हा ओट्यावर वीस-पंचवीस माणसं टोप्या काढून, उपरणी खांद्यावर टाकून बसली होती. गुरुजी हलक्या आवाजात म्हणत होते की काल तर धडधाकट होते. एक जाणता माणूस बांबूंची चौकशी करून आला होता. तेवढ्यात हातात भाजीची पिशवी घेऊन काकू बाजारातून आल्या. माणसं उठून उभी राहिली. काकूंनी दारातला जमाव पाहिला, रस्त्यावरची बर्फाच्या पाण्याची ओली रेघ पाहिली, ती आपल्याच घरात गेलेली पाहिली. पिशवी हातातून सुटली. टमाटे ओट्यावरून गडगडत गेले. “ओ माय, कोण गेलं?” त्या म्हणाल्या. कुणाच्या तोंडून शब्द फुटेना. त्या शांततेत आतून, न्हाणीघराच्या दिशेनं, दात वाजल्याचा आवाज आला.

बापू पिण्याच्या पाण्याच्या टाकीत बसले होते. नळाला पाणी परवा आलं होतं आणि आता पुन्हा कधी येईल ते नगरपालिकेला ठाऊक. ते सगळं पाणी, त्यात फोडलेला बर्फ आणि त्यात पट्ट्यापट्ट्याच्या चड्डीवर बापू, ओठ निळे, डोळे मिटलेले. “म-म-मन,” ते म्हणाले, “मन घ-घट्ट करायचं असतं.” काकूंनी काय म्हटलं ते इथं लिहिण्याजोगं नाही. पण ते ऐकल्यावर त्यांचं मन घट्ट असल्याविषयी कुणाला शंका उरली नाही.

तोवर फोन गेले होते. संध्याकाळपर्यंत जिंतूरहून साडू, मानवतहून आत्या, परतूरहून दोन चुलतभाऊ आले. सुतकात आलेल्या माणसाला सुतक नाही म्हणून परत पाठवायचं कसं? काकूंनी पिठलं-भाकरी टाकली. रात्री पंगत उठल्यावर बापू मला कोपऱ्यात घेऊन म्हणाले, “गर्दी चांगली झाली होती, ना? आणि त्या मोंढ्यातल्या दोघांचं बघ. आले नाहीत. लक्षात ठेवलंय मी.”

त्या दिवसानंतर आपलंही आत्मचरित्र व्हावं असं त्यांच्या मनानं घेतलं. कलामांच्या पुस्तकाला अरुण तिवारींचा हात होता आणि सचिनच्या पुस्तकाला बोरिया मजुमदारांचा, हे त्यांनी हेरून ठेवलं होतं. “म्हणजे आत्मचरित्राला आत्मे दोन लागतात,” म्हणाले. दुसरा आत्मा म्हणून मला नेमण्यात आलं. पहिला अध्याय संघर्षाचा. मी वही घेऊन बसलो. बापूंनी बराच वेळ आढ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, “आत्याला विचारू. तिला सगळं आठवतं.”

आत्या ऐंशीच्या पुढच्या, पण खणखणीत. अजून मानवतला परत गेल्या नव्हत्या.

“आत्या, बहात्तरच्या दुष्काळात आपले लई हाल झाले असतील.”

“झाले की. विहिरी आटल्या. बायामाणसं खडी फोडायला जायची. लाल मिलोच्या भाकरी खाल्ल्या आम्ही, घशाखाली उतरायच्या नाहीत.”

बापूंनी मला लिहून घे अशी खूण केली. “आणि मी? मी चार वर्षांचा असंन.”

“तू ताट लोटून दिलंस. मग तुझ्या आज्यानं हैदराबादहून तांदूळ मागवला. तुझ्या एकट्यापुरता भात व्हायचा. त्यावर तूप.”

“तुपाचं नको लिहू,” बापू मला म्हणाले. मग पुन्हा, “शाळेत मी अनवाणी जायचो का?”

“यायचास. वहाणा हरवून यायचास. मग नव्या आणायच्या.”

“रस्त्यावरच्या दिव्याखाली बसायचो ते तर आठवतंय मला.”

“पत्ते खेळायचात तिथं.”

बापूंचा आवाज खाली आला. “कुणी अपमान तरी केला असंल की माझा कधी. मास्तरांनी, गावातल्या बड्या माणसानं...”

“तुझा?” आत्या हसल्या. “कोण करणार रे बाबा! सगळ्या गावाची उधारी आपल्याकडं.”

मुनीमजी हे सगळं ऐकत होते. ते जरा थांबून म्हणाले, “बापू, संघर्षच पाहिजे तर माळ्यावरच्या जुन्या खतावण्या काढू का? बहात्तर-त्र्याहत्तरच्या हायेत. त्यात लई हाय.”

“तो आपला नाही, मुनीमजी,” बापू चिडून म्हणाले, “तो गिऱ्हाइकांचा.”

अखेर त्यांनी ठरवलं की लहानपणी राहून गेलेला संघर्ष आता करून घ्यायचा. मी त्यांना महर्षी कर्व्यांच्या ‘आत्मवृत्ता’तली एक हकिगत सांगितली होती. 1915 सालचं हे पुस्तक माझं आवडतं आहे, कारण त्यात माणूस कुठंही स्वतःची पाठ थोपटत नाही. कोकणातल्या मुरुडहून पोरगेले कर्वे भर पावसात कुंभार्लीचा घाट चढून, शंभर मैलांच्या वर चालत साताऱ्याला परीक्षेला गेले, आणि तू लहान दिसतोस म्हणून त्यांना परीक्षेलाच बसू दिलं नाही. कर्वे हे सांगतात आणि पुढच्या वर्षीच्या परीक्षेकडे वळतात. आजच्या पुस्तकात या प्रसंगाला तीन अध्याय आणि एक छायाचित्र मिळालं असतं.

बापूंनी पायी पाथरीला जायचं काढलं. वीस-पंचवीस किलोमीटर. पण पाथरी रोडवर बापूंना पायी पाहून कोण पुढं जाणार? पहिला मोटारसायकलवाला थांबला, “बसा बापू.” दुसरा ट्रॅक्टरवाला, तिसरी काळीपिवळी. दर फर्लांगाला गाडी थांबवून सगळं समजावून सांगायचं, त्यात पाय दुखण्याआधी तोंड दुखलं. शेवटी पोलिसातला मुनीमजींचा मुलगा सुट्टीवर आलेला, त्यानं काही न विचारता त्यांना मागं बसवलं आणि घरी आणून सोडलं.

मग स्टेशन. थोर माणसांनी एक तरी रात्र फलाटावर काढलेली असते. बापू रात्री आठला एक चादर आणि एक पुस्तक घेऊन सेलू स्टेशनच्या बाकावर जाऊन आडवे झाले. साडेआठला चहावाल्यानं चहा आणून दिला. पैसे घेईना. पावणेनऊला ओळखीचा पोलीस आला आणि अदबीनं खाली बसून म्हणाला, “बापू, घरी काही झालं का? काकूंशी बोलू का मी?” नऊला मोंढ्यातले दोन हमाल गादी आणि लोड घेऊन हजर झाले. मुनीमजींनी पाठवले होते. साडेनऊला काकूंकडून डबा आला, सोबत डासांची अगरबत्ती आणि रक्तदाबाची गोळी. पुण्याहून मुलीचा रडका फोन. दहापर्यंत बाकाभोवती पंधरा माणसं जमली. कापसाचा भाव, सोयाबीनचा ओलावा, कुणाच्या पोरीचं स्थळ. मुंबईकडची गाडी आली तेव्हा तिकीट तपासनिसानं खाली उतरून विचारलं, “बापू, जायचंय का? बर्थ आहे.” बापू मध्यभागी लोडाला टेकून बसले होते. गाडी गेली, त्यांनी हताश होऊन सगळ्यांकडे पाहिलं आणि म्हणाले, “अरे, एक रात्र तरी माणसाला सुखानं हाल सोसू द्या की रे!”

“सोसा ना बापू,” नाव्ही म्हणाला, “आधी जेवून घ्या.”

आता ते संघर्षासाठी परभणीला जाणार आहेत. मोठं गाव, कुणी कुणाला विचारत नाही, तिथं माणसाचे मनासारखे हाल होऊ शकतात, असा त्यांचा होरा आहे. तयारी पूर्ण झाली आहे. परभणीत ओळखीचं तसं कुणीच नाही, फक्त मेव्हणा आहे. रात्री उशिरा पोहोचणार म्हणून बापूंनी त्याला फोन करून ठेवलाय, की स्टेशनवर गाडी घेऊन ये.